चालायला लागले, तर अंग भरलं

माझी तिशी उलटली तेव्हा मला आमच्या कल्याणच्या घराचा जिना चढवेनासा झाला. चार पायऱ्या झाल्या की कठड्याला धरून उभं राहावं लागे. अंग फार सुटलं होतं. त्याला कारणही तसंच होतं. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. त्यानंतर सासूबाईंनी मला जड कामाला हात म्हणून लावू दिला नाही. भात कांडायला बाई येई, पाणी गडी भरी. "तू बस, अंगाला ओढ लागता कामा नये," असं त्या म्हणत. अशी मी सात-आठ वर्षं नुसती बसूनच होते. बसून माणूस इतकं दमतं हे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

शेवटी पारनाक्यावरच्या वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, जिभेचा रंग पाहिला आणि म्हणाले, "काढा देतो, पण खरं औषध चालणं. रोज पहाटे चाला. आणि आधी वजन करून ठेवा, म्हणजे उतार पडला की कळेल."

बायकामाणसांनी कारणावाचून रस्त्याने चालायचं म्हणजे त्या काळी गावभर बोभाटा. तोड सासूबाईंनीच काढली. तळ्याकाठी पिंपळ होता, त्याला पार बांधलेला होता. "पिंपळाला प्रदक्षिणा घाल. चालणंही होईल आणि देवाचंही होईल," त्या म्हणाल्या. पिंपळाला प्रदक्षिणा कशासाठी घालतात ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. दोघींपैकी कोणी ते बोललं नाही.

वजनाची सोय घरचीच होती. बंदरावर आमची तांदळाची वखार होती. दुपारी हमाल जेवायला गेले, तेव्हा यांनी मला मागच्या दाराने आत नेलं. तुळईला साखळ्यांनी टांगलेला मोठा तराजू होता. त्याच्या पारड्यात मी पदर लपेटून बसले आणि दुसऱ्या पारड्यात हे एकेक वजन ठेवत गेले. काटा बराच वेळ हलेना. मी मान खाली घालून पोत्यांवरचा भुसा पाहत राहिले. "दोन मणांच्या थोडं वर," हे हळूच म्हणाले. पोत्याचं सांगतात तसंच.

कार्तिकात फेऱ्या सुरू झाल्या. पहिले आठ दिवस काय सांगू! मांड्यांत गोळे येत, पोटऱ्या दगडासारख्या होत, टाचा ठणकत. घरी येऊन पाटावर बसले की उठताना भिंतीचा आधार लागे. भूकही सपाटून लागे. सासूबाई न विचारता भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवत.

महिना होत आला आणि बांगड्या दाटायला लागल्या. जोडवी काढताना साबण लावावा लागला. मला वाटलं, माझा भास असेल. यांनी पुन्हा वखारीत नेलं. पारड्यात बसले तर पहिली वजनं पुरेनात! यांनी आणखी शेर-दोन शेर ठेवले तेव्हा कुठे काटा मध्ये आला.

"हे कसं झालं?" मी विचारलं. मला रडूच येत होतं. एवढ्या थंडीत उठायचं, एवढं झिजायचं, आणि हे फळ.

हे तसेच वैद्यबुवांकडे गेले आणि संध्याकाळी येऊन मला सांगू लागले, "ते म्हणतात, घाबरू नका. नव्या बैलाला जुंपलं की आधी खांदा सुजतो, तसंच हे. पडून राहिलेली गात्रं कामाला लागली की पाणी धरतात. पुढे आपोआप उतरेल. चालणं मात्र सोडायचं नाही."

सासूबाई दारात वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वैद्याला काय कळतंय! पुरुषच तो."

त्यांच्या मनात काय आलं ते मला त्याच क्षणी कळलं. अंग भरलं होतं, पावलांवर सूज होती, भूक वाढली होती. आणि त्यातच माझा महिना टळला होता. तो एरवीही चुकेच, पण ते कोण लक्षात घेणार?

"सासूबाई, तसं काही नाही हो," मी म्हणाले.

"असं म्हणायचंच असतं," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माझ्या गालावरून हात फिरवला.

मग पाराजवळच्या बायकाही बघायला लागल्या. "पावला हो पिंपळ!" एक म्हातारी म्हणाली. मी नाही म्हणून सांगून सांगून थकले. कोणी ऐकेना. मग मी गप्प राहू लागले, आणि गप्प राहता राहता एखाद्या पहाटे फेरी घालताना हात आपसूक पोटावर जाई. असेलही, असं वाटे. वैद्य काय, चुकतही असेल.

पौषात एका सकाळी मी मागच्या दाराशी उभी राहून म्हटलं, "सासूबाई, मी दूर बसते."

त्या नारळ खवत होत्या, माझ्यासाठीच. त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "कोपऱ्यात घोंगडी आहे ती घे. खाली गार लागेल." आणि पुन्हा खवायला लागल्या. तीन दिवस त्या माझं पान दुरून सरकवत होत्या. त्यात नारळाच्या वड्या होत्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी पहाटे निघाले, तेव्हा त्या जाग्याच होत्या. "आता कशाला जातेस?" त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. त्या फार थकलेल्या वाटल्या.

"दम लागतो ना सासूबाई, म्हणून," मी म्हणाले.

"जा मग. शाल घे."

पुढे सूज खरंच उतरली. बांगड्या सैल झाल्या, आणि शिमग्याच्या सुमारास पारड्यात बसले तेव्हा यांना वजनं काढून ठेवावी लागली, आरंभी होती त्यांतलीही. हे अगदी आनंदाने घरी सांगत आले, "आई, वैद्याचं खरं झालं! उतरलं बरं का!"

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं," आणि आत गेल्या. मीही बरंच झालं म्हटलं. जिना मी आता न थांबता चढत होते. पण त्या दिवशी वर गेले आणि खिडकीशी बराच वेळ नुसती बसून राहिले. खाली यायला नको वाटत होतं.