सात ओळींचा सूड

इतर बायका जिथे गजरा माळतात तिथे, म्हणजे अंबाड्यात, बाईंचं लाल पेन खोचलेलं असायचं. वर्गात, रिक्षात, बाजारात, कुठेही. माझे वडील गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला आल्या तेव्हाही होतं. त्या पेनाने त्यांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे ‘अवांतर’, म्हणून आम्ही त्यांना अवांतरबाई म्हणायचो. गेल्या थंडीत बाई गेल्या. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण बाईंवर सूड उगवायची वाट मी वीसएक वर्षं पाहिली आहे. त्या गेल्या म्हणून त्यांना सोडून द्यायचं, हे काही मला जमणार नाही.

बाई मूळच्या गिरगावातल्या. तिथलं बिऱ्हाड मोडून मीरा रोडला चौथ्या मजल्यावर राहायला आल्या होत्या, घरात त्या आणि त्यांची आई. भाईंदरच्या आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. लग्न का केलं नाही, असं एका आगाऊ मुलीने एकदा भर वर्गात विचारलं, तेव्हा “हा प्रश्न किती गुणांना आहे?” एवढंच म्हणून त्या फळ्याकडे वळल्या. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: “प्रश्न काय विचारलाय? तेवढंच लिहा.”

हे वाक्य फक्त वर्गापुरतं नव्हतं. शाळेच्या फाटकाबाहेर उत्तनची एक कोळीण मावशी मासळीची पाटी घेऊन बसायची. बाईंनी बोंबलाचा भाव विचारला की तिची टकळी सुरू. “ताजा हाय गो बाय, पहाटंला होडी लागली, माझ्या पोरान्...” बाई लगेच हात वर करायच्या. “भाव विचारला. होडी अवांतर आहे.” मावशी आमच्याकडे बघून म्हणायची, “हिच्या घरान कोनी बोलत न्हाय काय?” आणि तरी दोन बोंबील जास्त टाकायची. बाईंना शिव्या घालता घालता त्यांना जास्तीचं देणारी माणसं बरीच होती. मी त्यातली नव्हते.

माझे पप्पा काशीमिऱ्याच्या गॅरेजांमध्ये ट्रक रंगवायचे. म्हणजे रंग दुसरे मारायचे, पप्पा अक्षरं काढायचे. मालकाचं नाव, गावाचं नाव, मागच्या फळीवरचा शेर. परभणीकडून आलेला सातवी शिकलेला माणूस, पण अक्षर असं की पंजाबचे ड्रायव्हर दोन-दोन दिवस थांबून त्यांच्याकडून नाव काढून घ्यायचे. मी दहावीत असताना दिवाळीच्या तोंडावर त्यांना कावीळ झाली आणि आठ दिवसांत ते गेले. मम्मी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला जायची, तीच कमाई उरली. पुण्यानुमोदनाला चाळीतल्या मोकळ्या जागेत मांडव घातला, भन्तेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण पप्पांविषयी बोलायला उठला. एक काका पाऊण तास बोलले, त्यात पप्पा पाच मिनिटं होते. मग कोणीतरी बाईंना आग्रह केला. त्या उठल्या, म्हणाल्या, “यांची मुलगी माझ्या वर्गात आहे. हुशार आहे. ती दहावी होईल, हे मी बघेन.” आणि बसल्या. पप्पांबद्दल एक अक्षर नाही. त्यांनी पप्पांना पाहिलंच नव्हतं, मग काय बोलणार? हे मला आज कळतं. तेव्हा मी त्यांच्या अंबाड्यातल्या पेनाकडे बघत बसले होते.

बाईंनी शब्द पाळला. दिवाळीनंतर रोज मधल्या सुट्टीत मला स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसवून त्यांनी माझ्याकडून धडे घोटून घेतले. माझ्याकडे डबा नसतो हे बघितलं आणि स्वतःचा डबा मध्ये सरकवला. पोळीभाजी खाताना कौतुकाचा शब्द नाही, “ऱ्हस्व-दीर्घ बघ आणि नीट चावून खा.” पुढे ज्याच्यावर सूड उगवायची वेळ येईल त्याची पोळीभाजी खाऊ नये. पण हे आधी कोण सांगतं?

जानेवारीत आम्हाला एक कविता होती. कवीचा बाप जाऊन बरीच वर्षं झालेली. कवीला घरातली ती खुंटी आठवते, तिच्यावर बापाचा सदरा असायचा हेही आठवतं, पण सदऱ्याचा रंग काही केल्या आठवत नाही. एवढीच कविता. बाईंनी ती एकदा वाचली आणि लगेच म्हणाल्या, “घ्या लिहून. आशयसौंदर्य: स्मरणाची मर्यादा. काव्यसौंदर्य: खुंटी हे प्रतीक. भाषा: साधी, घरगुती.” वर्ग लिहू लागला. मी लिहू शकले नाही. आमच्या दाराच्या मागे खिळ्याला पप्पांचा रंगाने बरबटलेला शर्ट अजून तसाच होता, मम्मी तो धूत नव्हती. बाईंनी माझ्या रिकाम्या वहीवर बोट ठेवलं. “सुजाता, घरी जाऊन रड. इथे लिही.”

प्रिलिमला नेमकी तीच कविता रसग्रहणाला आली. मी आशयसौंदर्य लिहिलं, खुंटीचं प्रतीक लिहिलं आणि मग पेन थांबेना. सात ओळी पप्पांवर लिहिल्या. सातच, मी मोजल्या होत्या. पेपर हातात पडला तेव्हा त्या सात ओळींवरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ होती आणि समासात तो शब्द. एवढ्यावर भागलं नाही. हातात देण्याआधी बाईंनी तो उंच धरून वर्गाला दाखवला होता. “नाव सांगत नाही. चार गुणांपैकी अडीच का, तर कवीच्या वडिलांबद्दल विचारलं होतं. स्वतःच्या नाही.” नाव सांगायची गरजच नव्हती. त्या वर्षी वर्गात एकाच मुलीचा बाप मेला होता.

पेपर पालकांच्या सहीसाठी घरी न्यायचा असायचा. मी तो घरी नेलाच नाही. भाईंदरच्या जेट्टीवर गेले, पानं फाडली, फाडलेली पुन्हा फाडली आणि खाडीत सोडली. वर्गात सांगितलं, हरवला. तिथेच जेट्टीवर ठरवलं की ह्या बाईकडून तो शब्द परत घ्यायला लावायचा. आज, उद्या, म्हातारी झाल्यावर, कधीही. “अवांतर नव्हतं” असं तिच्या तोंडून ऐकायचं.

सुरुवात किरकोळ झाली. मी त्यांच्या लाल पेनात हिरवी रिफिल घातली. बाईंनी आठवीचा अख्खा गठ्ठा हिरव्याने तपासला आणि वर्गात येऊन म्हणाल्या, “ज्याने कोणी केलं त्याला सांगा, चूक हिरव्यातही चूकच दिसते.” मग मी फळ्यावरच्या त्यांच्या चुका शोधायला लागले. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत एक सापडली, एक अनुस्वार राहिला होता. मी उभी राहून सांगितलं. त्यांनी अनुस्वार दिला, “शाबास” म्हणाल्या, आणि माझा सगळा आनंद घालवला.

बोर्डाला मी कविता त्यांनी सांगितली तशी लिहिली. तेवढंच. मराठीत शाळेत पहिली आले. बाई निकालाच्या दिवशी दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, “बघितलंस?” मी हो म्हटलं. त्यांचं खरं ठरलं होतं आणि माझ्या उत्तरात पप्पा कुठेच नव्हते. पेढा मी त्यांना दिला नाही. मम्मीने दिला.

पुढे मी टायपिंग शिकले, मग कॉम्प्युटर, आणि आता मीरा रोडला स्टेशनच्या पूर्वेला माझं छपाईचं दुकान आहे. पत्रिका, पुस्तिका, फ्लेक्स. ज्या फ्लेक्सने अक्षर काढणाऱ्यांचे हात रिकामे केले, तोच मी विकते, पोट आहे. हायवेवर पप्पांच्या अक्षरातला ट्रक दिसायचा तोही हळूहळू दिसेनासा झाला. दोन-तीन वर्षांपूर्वी दुपारी दुकानात एक बाई शिरल्या. अंबाडा पांढरा आणि सुपारीएवढा झालेला, पण पेन जागेवर. मला बघून त्या चकित वगैरे झाल्या नाहीत. “पाटीवर नाव वाचलं. आई गेली माझी. पुस्तिका छापायची आहे, वर्षश्राद्धाला नातेवाइकांना द्यायला.” हातात चार पानं ठेवली.

मी पानं वाचली आणि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? चारही पानांत आई नव्हती. जन्म, शिक्षण, विवाह, कष्टाळू स्वभाव, धार्मिक वृत्ती. बाईंनी आईचं रसग्रहण केलं होतं. मी काउंटरवरचं लाल पेन उचललं आणि म्हटलं, “बाई, ह्यात आई कुठाय?”

बाहेर रिक्षावाला “काशीमीरा, काशीमीरा, एक सीट” ओरडत होता. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बोलायला लागल्या. आई लिफ्टला भ्यायची, आत शिरण्याआधी लिफ्टला नमस्कार करायची. बिस्किटांचा डबा लेकीपासून लपवायची, लेक साठीला आली तरी. कुलूप लावलं की तीनदा ओढायची, खाली उतरून पुन्हा वर जाऊन चौथ्यांदा. मी टाइप करत गेले. माझी गिऱ्हाइकं येऊन उभी राहून परत गेली. बाई थांबल्या तेव्हा सहा पानं झाली होती. मी प्रूफ काढून हातात दिलं आणि मनात म्हटलं, आता कळलं ना?

दोन दिवसांनी बाई प्रूफ परत घेऊन आल्या. सहाही पानांवर तीच रेघ, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. लिफ्ट गेली, बिस्किटं गेली, कुलूप गेलं. फक्त एका वाक्याच्या खाली टिंबं देऊन समासात लिहिलं होतं, ‘राहू दे’. वाक्य असं होतं: “दहावीतली एक मुलगी डबा आणत नाही असं मी सांगितलं, त्यावर आईने कोणाची, कुठली असं काहीही न विचारता परीक्षेपर्यंत रोज दोन पोळ्या जास्त केल्या.”

मी ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. यांच्या आईच्या पुस्तिकेत मला जागा होती, माझ्या पेपरात माझ्या बापाला नव्हती. मी म्हटलं, “बाई, प्रिलिमच्या पेपरात माझ्या सात ओळी तुम्ही खोडल्या होत्या. त्यांच्यापुढे पण ‘राहू दे’ लिहा.”

“कुठल्या ओळी?”

“पप्पांवरच्या. अवांतर लिहिलं होतंत. सगळ्या वर्गासमोर.”

“लिहिलं असेल,” बाई म्हणाल्या. “चारशे पेपर असायचे गं.” मग त्यांनी अंबाड्यातून पेन काढलं, टोपण उघडलं, कोरा कागद ओढला. “सांग, काय होत्या? ओळीने सांग. लिहिते आणि पुढे ‘राहू दे’ लिहिते. सही करते.”

मी तोंड उघडलं. इतकी वर्षं मी ह्याच क्षणाची वाट पाहत होते. रेघ आठवत होती, समासातला शब्द आठवत होता, त्याच्यातल्या अनुस्वारासकट. पेपर उंच धरलेला हात आठवत होता. ओळी सात होत्या हे आठवत होतं. एक ओळ आठवत नव्हती. अर्धीसुद्धा नाही. बाई तोंडी परीक्षेला थांबायच्या तशा थांबल्या होत्या.

“तुम्ही खोडल्यात,” मी म्हटलं.

“खोडल्या. लाल रेघेखाली निळं दिसतं, सुजाता. पेपर घरी दिला होता ना? ठेवायचा होतास.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं, पण पेन अंबाड्यात खोचलं नाही, काउंटरवर ठेवलं. “त्या दिवशी वर्गासमोर धरायला नको होता,” एवढं म्हणाल्या आणि दुकानाची पायरी उतरून गेल्या. मला पाहिजे होतं ते हे नव्हतं. अवांतर नव्हतं असं त्या म्हणाल्याच नाहीत. पेन ठेवून गेल्या, आणि पुन्हा न्यायला आल्या नाहीत. पुस्तिका नेली ती त्यांच्या भाच्याने.

बाई गेल्यावर शाळेच्या ग्रुपवर ठरलं की शोकसभेला बॅनर लावायचा, आणि मजकूर मी करायचा. “जास्त नको, मोजकंच लिही,” असं सगळ्यांनी बजावलं. मी मोजकंच लिहिलं, नाव आणि भावपूर्ण श्रद्धांजली. बाईंनी त्याला चारपैकी चार दिले असते.

आणि मग हे लिहायला बसले. हे कोणीही विचारलेलं नाही. ह्यात मी बोंबील घातले आहेत, हिरवी रिफिल घातली आहे, लिफ्टला नमस्कार करणारी त्यांची आई घातली आहे, जिला त्यांनी स्वतः खोडलं होतं. त्यांना आवडलं नसतं असं एकेक आठवून घातलं आहे, मुद्दाम. लिहिता लिहिता मध्येच एक गोष्ट आठवली. पप्पा आधी फळीवर लांबलचक शिरोरेघ मारायचे, श्वास रोखून, आणि मग कपडे वाळत घालावेत तशी एकेक अक्षर तिला लटकवायचे. शेवटचं अक्षर लटकवलं की श्वास सोडायचे आणि मला विचारायचे, “सरळ हाय का गं?” हे त्या सात ओळींत होतं की नव्हतं, मला माहीत नाही. आता कधी कळणारही नाही.

तुमचं पेन माझ्या गल्ल्यात आहे, बाई. हे सगळं अवांतर आहे. खोडून दाखवा.