वरून, मधून, तळातून

माझ्या सासऱ्यांना बाजारात सगळे नळीसाहेब म्हणायचे. गोदामात आलेलं धान्य तपासायचं आणि ठेवायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यासाठी एक टोकदार पोकळ नळी असायची. ती पोत्यात खुपसली की मूठभर दाणे बाहेर येत. पण लबाड व्यापारी वर चांगला माल भरतात आणि खाली खडे, म्हणून नळीसाहेब प्रत्येक पोत्याला तीनदा टोचायचे. वरून, मधून आणि तळातून. आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं ते स्वतःच सांगतात.

नोकरी संपली, नळी गोदामात राहिली, खोड मात्र घरी आली. नवऱ्याने लग्नाआधी मला पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा त्यांनी तीनच प्रश्न विचारले होते. लहानपणी हट्टी होतीस का? हल्ली राग कशाचा येतो? म्हातारपणी काय करणार आहेस? मी पास झाले. थोडक्यात वाचलीस, असं नवरा अजून म्हणतो.

मग याच नवऱ्याने मोठा टीव्ही आणला आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

"बाबा, मालिका-सिनेमांचं कुठलं तरी एकच ॲप घेऊ. कुठलं ते तुम्ही ठरवा."

प्रत्येक कंपनी पहिले काही दिवस फुकट देत होती. नळीसाहेबांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. मालिका लावायची, पहिली दहा मिनिटं बघायची, मग मधलाच एखादा तुकडा, मग थेट शेवटची दहा मिनिटं. "माल चांगला आहे" किंवा "परत पाठवा", एवढं बोलून पुढची मालिका. आमच्या घरात रोज डझनभर खुनी पकडले जायचे आणि खून कुणाचा झाला होता ते कुणालाच ठाऊक नसायचं.

यात भरडल्या गेल्या सासूबाई. त्यांना खुनाच्या गोष्टींचं भारी वेड. दीपगृहात झालेल्या एका खुनाची मालिका त्या दुपारी, नळीसाहेब फिरायला गेले की, गुपचूप बघायच्या. तीन भाग झाले होते. खानसाम्यावर त्यांचा दाट संशय होता आणि त्या स्वयंपाकघरात माझ्याशी त्यावर तासन्‌तास बोलायच्या. एका संध्याकाळी नळीसाहेबांनी नेमकी तीच मालिका तळातून टोचली.

"मेव्हण्याने मारलंय," ते खुशीत म्हणाले. "माल चांगला आहे."

सासूबाईंनी हातातला शेंगांचा वाडगा खाली ठेवला.

"अहो, लग्न झाल्यापासून एका तरी गोष्टीचा शेवट माझा मला कळू दिलात का? पुस्तक आणलं की आधी शेवटचं पान तुम्ही वाचायचं आणि मला सांगायचं. मला एकदा तरी शेवटपर्यंत जायचंय, हो. माझ्या पायांनी."

नळीसाहेबांनी टीव्ही बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. मला त्यांची कीव आली, पण फार नाही.

दुसऱ्या दिवशी एका कंपनीच्या मुलीचा फोन आला. नळीसाहेबांनी तो स्पीकरवर टाकला.

"सर, एका पॅकमध्ये पाच ॲप, वर इंटरनेट, आणि मासेमारीचं चॅनल एकदम फुकट!"

"एका पोत्यात पाच धान्यं? आमच्याकडे याला भेसळ म्हणतात."

"सर, ऑफर आजच संपतेय."

"कालही आजच संपत होती."

एवढ्यात सासूबाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "ए मुली, जिचा शेवट अजून आलेलाच नाही, अशी एखादी मालिका आहे का गं तुमच्याकडे?"

"आहे ना, काकू! खुनाचीच आहे. दर रविवारी दुपारी एकच भाग येतो. पुढचा आम्हालाही माहीत नसतो."

"मग तो पॅक दे. मासे राहू देत, नाही तर तेही दे."

"अगं, तळ नसलेलं पोतं घेतेस?" नळीसाहेब ओरडले.

"घेते," सासूबाई म्हणाल्या आणि रिमोट उशीखाली गेला.

पुढचे रविवार मी विसरणार नाही. टोचायला काहीच नव्हतं, त्यामुळे नळीसाहेबांना जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट सरळ बघावी लागली. त्यांचा जीव टांगणीला लागला. दाढी करताना मध्येच बाहेर येऊन ते विचारायचे, "पण माळ्याकडे किल्ली आली कुठून?" एकदा त्यांनी त्या फोनवाल्या मुलीला खुनी कोण ते विचारलं. तिने त्यांना मासेमारीच्या चॅनलची माहिती दिली.

शेवटचा भाग आला. जेवणं झालेली, पडदे ओढलेले, सासूबाई टीव्हीसमोर पाय दुमडून बसलेल्या. सगळे संशयित एका खोलीत जमले. आणि माझ्या शेजारून घोरण्याचा आवाज आला.

नळीसाहेबांचा डोळा लागला होता. आदल्या रात्री किल्लीच्या विचाराने झोपलेच नव्हते ते.

मी त्यांना हलवायला हात पुढे केला. सासूबाईंनी तो धरला. मग उशीखालून रिमोट काढला आणि आवाज हळूच कमी केला. आम्ही दोघी पुढे सरकून, कान टवकारून शेवटपर्यंत गेलो. खुनी समोर आला तेव्हा सासूबाईंनी तोंडावर पदर नाही, अख्खी उशी दाबली आणि उशीतच किंचाळल्या. इतकं खुश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"त्या मुलीला फोन लाव," त्या कुजबुजल्या. "पॅक बंद करायला सांग. हे उठायच्या आत."

मी लावला. सासू-सुनेचं इतकं एकमत आमच्या घरात आधी झालं नव्हतं.

चहाच्या वेळेला नळीसाहेब दचकून जागे झाले. काळ्या टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी कप विसळायला घेतले.

"अगं, संपलं? कोण निघाला? माळी ना? सांग ना!"

सासूबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"माल चांगला होता," त्या म्हणाल्या.