कापसाच्या गंजीवरून दिसलेला परदेस

चहा ठेवला हाय, तो उकळेपर्यंत सांगतो. या शहाण्या माणसानं, म्हणजे मीच, एकदा मारेगावातून अकरा जण परदेसात नेले, अन् परदेसच सापडला नाही. आता हसू नका, आधी ऐका तं.

तेव्हा मी कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर होतो. कापसाच्या भावाचे असे हाल होते का गाड्या फाटकाबाहेर उभ्या त्या उभ्याच. दोन-दोन दिवस नंबर लागे ना. बैलं रवंथ करत, माणसं गाडीखाली पडून राहत, कोणी कोणाशी बोलत नसे. ते चुपचाप बसणं मले पाहवत नव्हतं. मंग मी त्याईले सिक्कीमची गोष्ट सांगाले लागलो.

सिक्कीमच काहून, विचारा ना. माहा त्या देशाशी जुना घरोबा. सातवीत आमच्या गुरुजींनी भिंतीवर नकाशा टांगला होता. हिमालयाच्या अंगाले तीन देश, नेपाळ, भूतान अन् सिक्कीम. सिक्कीम सगळ्यात लहान, गुलाबी रंगाचा. मधल्या सुट्टीत मी त्याच्यावर अंगठा ठेवून पाहे, तं अख्खा झाकला जाये. सारा देश आपल्या अंगठ्याखाली, कसं वाटत असंल सांगा. माही शाळा सातवीतच सुटली. जाताना गुरुजींनी एक कव्हर नसलेलं पुस्तक हातात ठेवलं, त्यातला सिक्कीमचा धडा मले आजही तोंडपाठ हाय.

अन् लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मी बायकोले सांगून बसलो, "वत्सला, तुले एक डाव परदेस दाखवीन." ती बोरी अरब गावची. माहेर ते सासर, एवढीच तिची दुनिया. तीस वर्षं तिनं हट्ट म्हणून धरला नाही. फक्त भांडण झालं का शेवटी हळूच म्हणे, "परदेस राह्यला हाय बरं तुमच्याकडं." ते मले लय लागे.

तं जिनिंगाच्या आवारात कापसाची गंजी लागे, दोन मजल्याएवढी. मी तिच्याकडं बोट करून सुरू करे. "हा कांचनजंगा. तिथले लोक याले देव मानतात, शिखरावर पाय ठेवत नाहीत. अन् खाली, जिथं तो पांढरा बैल बसला हाय ना, तिथं राजा राहते. त्याले चोग्याल म्हणतात."

"राजा झाला कसा तो?" मुकुटबनचे शंकरभाऊ विचारत. शंकरभाऊ म्हणजे जुने कास्तकार, तोंडानं फाटके, मनानं सोनं.

"तीन दिशांनी तीन लामा आले. म्हणे, चौथ्या दिशेचा चांगला माणूस शोधा. शोधला, तं तो घरी दूध घुसळून राह्यलता. त्यालेच राजा केलं."

"आपल्या इथं दूध घुसळणाऱ्याले कोणी पोलीस पाटील करत नाही," शंकरभाऊ म्हणाले, अन् बराच वेळ आपल्या बैलाकडं पाहत बसले.

मी सांगतच राहो. तिथं पाहुणा आला का गळ्यात पांढरा शेला घालतात. डोंगरावर झेंडे लावतात, त्याच्यावर मंत्र लिहिलेले. वारा सुटला का मंत्र आपोआप साऱ्या मुलखात पोचते. दिवस कलला का ऊन गंजीवर पडे, ती गुलाबी होये. रुईचे तंतू हवेत तरंगत. खरं सांगतो, मलेच धुकं दिसाले लागे, कुठंतरी दूर घंटा वाजे. एक म्हातारा तं बर्फ समजून हात पुढं करे. तेवढा वेळ कोणाले भावाची याद येत नसे.

"अन् पिकते काय तिथं?" एक दिवस शंकरभाऊंनी विचारलं.

"इलायची. डोंगराच्या उतारावर, झाडाच्या सावलीत."

"औषधाचे फवारे किती?"

"पुस्तकात तं फवाऱ्याचं नावच नाही."

शंकरभाऊ उठून बसले. "मंग आपण जाऊ," म्हणाले.

झालं. आमच्या गावच्या बुद्धविहारातल्या लोकाईलेही तिथले विहार पाहाचे होते. बघता बघता मले धरून बारा जण झाले, अन् म्होरक्या मी. परदेस म्हटला का पासपोर्ट आलाच. त्याच्यासाठी नागपूरले चकरा मारल्या. कोणाचा जन्माचा कागद नाही, कोणाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. बाराही पासपोर्ट काढून घेतले.

एकच जण आडवं आलं. शंकरभाऊची सून, बारावी शिकलेली. मले चहा देता देता म्हणाली, "मामाजी, सिक्कीम तं आपल्याच देशात हाय ना?"

मी हसलो. "पोरी, माह्या गुरुजींनी एक दिवस सुट्टी घेतली नाही कधी. ते काय खोटं शिकवतील?"

ती बिचारी कपबशा घेऊन आत गेली. पासपोर्टच्या चौकशीले पोलीस घरी आला होता, त्यानं विचारलं, "कुठं चालले?" मी म्हटलं, "सिक्कीमले." तो म्हणाला, "मस्त. गरम कपडे ठेवा." आता सांगा, यात माही काय चूक?

वत्सलेनं दुपार-दुपार बसून हातानं सरकी काढली अन् मऊ कापसाची उशी शिवली. कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं फूल काढलं. "राजाच्या घरी रित्या हातानं काय जाचं?" म्हणाली. "थंडीचा देश. डोकं तरी आपल्या कापसावर ठेवील."

रेल्वेनं गेलो, मंग जीपनं. हिरवी नदी, उंच डोंगर, वत्सला खिडकीतून तोंड काढून बसलेली. सिक्कीमची वेस आली, चौकी दिसली. मी सगळ्याईले रांगेत उभं केलं, बारा पासपोर्ट गोळा करून खिडकीत ठेवले अन् छाती पुढं काढून उभा राह्यलो.

आतला पोलीस तरणा होता. त्यानं एक उघडला, दुसरा उघडला. "आप लोग इंडियन हो?"

"हां साब, बाराही."

"तो ये किसलिए? ये भी इंडिया ही है."

मी विचारलं, "कबसे?"

"मेरे पैदा होने के पहले से."

माह्या मागं अकरा माणसं उभी होती. वत्सला उशी छातीशी धरून पुढं आली. "और राजाजी?"

"राजा अब नहीं है, माताजी."

मले वाटलं, नदीत उडी टाकावी. तीस वर्षांचा एक शब्द, तोही आपल्याच देशात आणून बुडवला. वत्सलेनं माह्याकडं पाह्यलंही नाही. तिनं उशी त्या पोराच्या हातात दिली. "मंग तूच ठेव बाप्पा. तुले तरी कुठं धड झोपाले भेटत असंल?" त्याले शब्द कळले नाहीत, पण उशी कळली. तो आत गेला अन् एक पांढरा शेला घेऊन आला, तिच्या गळ्यात घातला. मी हळूच म्हटलं, "पाहा, हे तं पुस्तकात होतं तसंच हाय." शंकरभाऊंनी माह्याकडं असं पाह्यलं का मी तोंड बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढग हटले अन् कांचनजंगा दिसला. गुलाबी. सगळे उभे राह्यले. वत्सला म्हणाली, "आपली गंजीच हाय ही. पण इथं नंबर लावावा लागत नाही." माह्या डोळ्याले पाणी आलं, सांगतो.

येताना शंकरभाऊ हटून बसले का परदेस पाह्यल्याबगर गावात पाय ठेवत नाही. मंग डोंगर उतरून सरहद्दीवरचा पूल ओलांडला अन् पायी-पायी नेपाळात गेलो. तिथं पासपोर्ट पुढं केला तं कोणी हात लावे ना. "इंडियन को नहीं लगता." मी म्हटलं, "साब, एक शिक्का तं मारा, घरी दाखवाचं हाय." त्यानं हात जोडले. एकेक चहा पिऊन आम्ही परत आलो.

जिनिंगात सगळे म्हणाले, "शिक्का दाखव." काय दाखवू? आठ दिवस मी तोंड पाडून घरात बसलो, समोर उघडा कोरा पासपोर्ट. वत्सलेनं चहा आणला अन् गरम कप सरळ त्या पानावरच ठेवला. उचलला तं गोल डाग. म्हणाली, "घ्या, लागला शिक्का. मी परदेसात चहा पेली, मले मालूम हाय. माहं काही राह्यलं नाही आता तुमच्याकडं."

तेव्हापासून आमच्या घरात भांडण झालं तरी परदेसाचं नाव निघत नाही. फक्त परवा ती म्हणाली, त्या नकाशात तिसरा एक भूतान होता ना, तो पाहू एक डाव. मी म्हटलं, थांब. आधी शंकरभाऊच्या सुनेले विचारून येतो, तो अजून देश हाय का.