निळ्या चिलखतवाल्याचा पाय

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत केबल आली, त्या वर्षी दादा चौथीत होता आणि मी दुसरीत. केबलवर दुपारी एक परदेशी कार्टून लागायचं. त्यातल्या निळ्या चिलखताच्या योद्ध्यावर दादा इतका फिदा होता, की जेवतानासुद्धा त्याच्यासारखा एक हात कमरेवर ठेवून बसायचा. आई म्हणायची, "लढाई झाली की भाजी संपव."

मग कळलं, की तो योद्धा विकत मिळतो. तोवर असली खेळणी कुणाच्या तरी परदेशातल्या मामाकडून यायची. आता ती बुधवार पेठेतल्या दुकानात दर्शनी भागात टांगलेली असायची. दादाला स्कॉलरशिप मिळाली आणि बाबा ऑफिसातून येताना एक घेऊन आले. वीतभर उंच, कोपरा-गुडघ्यांत वाकणारा. पाठीवरचं बटण दाबलं की तलवारीचा हात खाडकन वर जायचा. मला भातुकलीचा नवा सेट मिळाला.

"मला पण तोच बाहुला पाहिजे," मी म्हणाले.

"तो बाहुला नाहीये," दादा म्हणाला. "आणि तू हात लावायचा नाहीस."

एवढं स्पष्ट सांगितल्यावर हात लावणं भागच होतं. दादा क्लासला गेला, की मी त्याला कपाटातून काढायचे. एके दिवशी मला वाटलं, याला उडता यायला हवं. बाबांच्या रुमालाच्या चार टोकांना दोरे बांधले, दोरे त्याच्या काखेत अडकवले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून त्याला सोडून दिलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो फार ऐटीत उतरला. मग रुमाल मिटला आणि तो तळमजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांच्या आंब्यात शिरला.

मी धावत खाली गेले. "काका, तुमच्या झाडात आमचा बाहुला आहे."

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आमच्या झाडाला आंबे लागतात. बाहुले लागल्याचं ऐकिवात नाही."

पण मग स्वतःच उठून त्यांनी काठीनं फांदी हलवली. योद्धा पडला तो फरशीवर. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून वेगळा होऊन कुंडीपाशी गेला.

"शस्त्रक्रिया आमच्याकडे होत नाही," म्हणत काकांनी दोन्ही तुकडे माझ्या हातात ठेवले.

संध्याकाळी मी रडत रडत दादाला सगळं सांगितलं. त्यानं पाय हातात घेतला, तुटलेल्या जागेकडे पाहिलं आणि आत निघून गेला. मग आठ दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी चाररेघी वहीत माफीनामा लिहून दिला. रविवारची टीव्हीची पाळी सोडली. बोरकूट दिलं. नवव्या दिवशी त्यानं मोठ्या मनानं मला क्षमा केली. तो लंगडा योद्धा पुढे कधीतरी रद्दीबरोबर गेला.

दादा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला, मी हिंजवडीत नोकरीला लागले. गेल्या वर्षी ऑफिसात जेवताना शेजारच्या टीममधल्या एकानं मोबाइल पुढे केला. "हे बघ, पुन्हा काढलेत. सेम बॉक्स, सेम रंग." माझा घास हातातच राहिला. तोच निळा. पुठ्ठ्यावर तीच ज्वालामुखीची चित्रं. दादा डिसेंबरात येणारच होता. मी तिथेच बसून ऑर्डर केला.

दादा आला त्या दुपारी मी खोकं त्याच्यापुढे ठेवलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण चेहरा स्कॉलरशिपच्या निकालाचा झाला. मी प्लॅस्टिक फाडायला गेले, तर त्यानं माझा हात धरला.

"उघडू नकोस! हे सीलबंदच ठेवायचं असतं. लोक जपून ठेवतात."

"लोकांना ठेवू दे," मी म्हणाले आणि फाडलं.

बाबांनी चष्मा लावून खोक्याची मागची बाजू वाचली. "पाच वर्षांवरील मुलांसाठी. म्हणजे मी त्यात बसतो." आणि त्यांनी बटण दाबलं. हात वर. पुन्हा दाबलं. हात वर. आमची पाळी येईचना.

शेवटी दादाच्या हाती आल्यावर तो गुडघा हलवून हलवून पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "एक सांगू? तो पाय तू नव्हता तोडलास."

"म्हणजे?"

"मी त्याला टेबलफॅनशी लढवला होता. आधीच. पाय तुटला, म्हणून सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवला. तू पाडलास आणि माझी सुटका झाली."

एक क्षण मला खरंच राग आला. आठ दिवस! बोरकूट! "मी माफीनामा लिहिला होता तुला!"

"छान लिहिला होतास. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या."

मी उशी उचलली. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला माहीत होतं. सोल्युशनची ट्यूब माझ्या पोळपाटाखाली लपवली होती यानं."

मी उशी खाली ठेवली. मग मी विचारलं, "आई, तुला माहीत होतं, तर तू बोलली का नाहीस?"

"आठ दिवस घरात भांडण नव्हतं," आई म्हणाली. "मी कशाला मध्ये बोलू?"

बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. दादानं पाणी आणलं, मी त्यांची पाठ चोळली आणि हसता हसता माझा राग कुठे गेला ते कळलंच नाही.

परत जायच्या दिवशी सकाळी दादा बॅग भरायला बसला, तर योद्धा कुठेच सापडेना. कपाट पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं. शेवटी आईलाच विचारलं.

"बागेत गेलाय," ती म्हणाली. "तुमच्या बाबांबरोबर. त्यांच्या फिरायच्या ग्रुपला बटण दाबून दाखवायचंय म्हणे."