घरचं धरलं तर

आमच्या भातगिरणीवर हिशोबाच्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी वह्यांचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उघडलाच नाही. म्हणाल्या, वह्या तुमचे पुण्याचे सीए बघतात ना, त्यांनाच बघू द्या, मला गिरणी चालताना बघायची आहे. मग तांदळाच्या कट्ट्यावर बसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या नुसतं विचारत राहिल्या. वह्या न बघणारा हिशोबनीस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ह्यांना कशाचे पैसे द्यायचे, हेच मला समजेना.

गिरणी म्हणजे आम्हा शेतकऱ्यांची कंपनी. मार्गासनीच्या अलीकडं, वेल्ह्याच्या रस्त्याला लागून शेड आहे. सभासदांचं इंद्रायणी भात आम्ही विकत घेतो, भरडतो आणि तांदूळ विकतो. अध्यक्ष मी. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण तोंडी हिशोबात मला आजपर्यंत कुणी हरवलेलं नाही. तांदूळ सगळा खपतो आणि वर्षाखेरी हातात काहीच राहत नाही, म्हणून बाकीच्या संचालकांनी ह्या बाईंना भोरहून आणलं होतं. त्या आधी एका कारखान्यात होत्या. वस्तू बनवायला खरा खर्च किती येतो ते काढायचं आणि मालकानं पुढं काय करावं ते सांगायचं, हे त्यांचं काम. मी बैठकीत विरोध केला होता. पुढचं सांगायला आम्ही जोशीबुवाला विचारू, असंही बोललो होतो.

त्याच महिन्यात मी पानशेतच्या एका हॉटेलवाल्याला शब्द देऊन बसलो होतो. आठवड्याला पंचवीस किलोचे वीस कट्टे, बावन्न रुपये किलोनं, सबंध वर्षभर. गिरणीचा जवळपास सगळा तांदूळ एकाच ठिकाणी खपणार होता. भात, वीज, हमाली, बारदान धरून मला एकोणपन्नास पडत होते. किलोमागं तीन रुपये सुटतात, महिन्याला दोन टनावर सहा हजार. कागदावर सह्या पुढच्या सोमवारी व्हायच्या होत्या. बाईंनी तो कागद मागून घेतला आणि सोमवारपर्यंत थांबा म्हणाल्या.

त्यांचं विचारणं असं होतं. ही शेड कुणाची? म्हटलं, घरची. माझ्याच जागेत मीच बांधली. टेम्पो कुणाचा? घरचाच. चालवतं कोण? मीच. डिझेल? तेही मीच टाकतो, त्यात काय एवढं. तांदूळ निवडायला ह्या दोघी बसल्यात त्या? त्या माझ्या सुना, घरच्याच की. दर वेळी त्या मान हलवायच्या आणि कागदाच्या उजव्या बाजूला काहीतरी लिहायच्या. तिसऱ्या दिवशी मी वाकून बघितलं. वर मथळा होता 'घरचं', आणि खाली ही भली मोठी यादी. मला वाटलं, बाई माझं कौतुक लिहितायत. खरं सांगतो, बरं वाटलं.

शुक्रवारी त्यांनी आकडा सांगितला. किलोला पंचावन्न. मी हसलो. म्हटलं, बाई, तुमची बेरीज चुकली. त्यांनी उजवी बाजू वाचून दाखवली. टेम्पोची एक खेप बावीसशे, तिच्यात डिझेल आणि ड्रायव्हरचा रोज. शेडचं भाडं महिन्याला हजार. सुनांचा रोज. मी तीन सुटतात म्हणत होतो, तर तीन उलटे जात होते, आणि ते माझ्याच खिशातून.

"तात्या, ह्या कंपनीत इतकं घरचं आहे, की त्यात कंपनी कुठं आहे तेच सापडत नाही," त्या म्हणाल्या.

मला राग आला. सुना तांदूळ निवडायच्या थांबल्या.

"म्या कंपनीकडं कधी भाडं मागितलंय का? धा वर्सांत एक रुपया घेतला न्हाई. आन तुमी माझ्या नावावर खर्च लावता?"

"मागू नका," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण धरा."

धाकटी सून तोंडाला पदर लावून हसली. थोरलीनं मात्र विचारलं, आमचा रोज किती धरलाय. बाईंनी आकडा सांगितला तशी ती म्हणाली, कमीच धरलाय. घरात असं बोलायची तिची ही पहिलीच वेळ. मी टेम्पोची चावी उचलली आणि निघून गेलो.

पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. मागायचं नाही आणि धरायचं, म्हणजे काय? आम्ही तर जे मागायचं नाही ते मनात आणणंसुद्धा कमीपणा समजतो. मी कंपनीला फुकट दिलं हा माझा मोठेपणा, आणि बाई म्हणतात त्यानंच हिशोब बिघडलाय. रात्री जेवताना मी ठरवलं, बाईंचा आकडा खोटा पाडायचा. बावीसशे रुपये खेप कोण देतो? उद्या विचारूनच येतो.

वाडीच्या तोंडाशी माझ्यासारखाच टेम्पो असलेला एक जण राहतो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, चेष्टेखोर. त्याला विचारलं, वीस कट्टे पानशेतला टाकून यायचे काय घेशील.

"का वो तात्या, टेम्पो इकला का काय?"

म्हटलं, तू आकडा बोल. त्यानं पाबे घाटाचा चढ सांगितला, शनिवार-रविवारची पुण्याच्या गाड्यांची गर्दी सांगितली, रिकामं परत यायचं सांगितलं, आणि अठ्ठावीसशे म्हणाला. मी घासाघीस केली. तो म्हणाला, तुमी घरचं हाय म्हून अठ्ठावीस, दुसऱ्याला तीन हजार. मी बाईंना खोटं पाडायला गेलो होतो आणि त्यांनी तर माझ्या टेम्पोची लाज राखून कमीच धरलं होतं.

घरी परत येऊन ओट्यावर बसून मी तोंडी हिशोब केला. सहाशे जास्त, पाचशे किलोला. किलोमागं एक रुपया वीस पैसे. म्हणजे पंचावन्न नव्हेत, छप्पन्नच्या वर. आणि मनात आणखी एक आलं, ते बाईंनी बोलून दाखवलं नव्हतं. उद्या माझे गुडघे बसले तर टेम्पो चालवणार कोण? त्या दिवशी कंपनीला ह्याच शेजाऱ्याला अठ्ठावीसशे द्यावे लागतील, आणि कागदावर तर वर्षभर बावन्नच लिहिलेले असणार. गिरणी माझ्या दोन गुडघ्यांवर उभी होती आणि तीनशे सभासदांना त्याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

सोमवारी एकटाच पानशेतला गेलो. संचालक म्हणत होते, फोन करून सांगा. मी म्हटलं, शब्द तोंडानं दिला, तोंडानंच परत घेणार. हॉटेलवाल्यानं पिठलं-भाकरीचं ताट पुढं केलं. मी आधी बोलतो म्हटलं. अठ्ठावन्न रुपये द्यावे लागतील.

त्यानं ताट बाजूला सारलं. "तात्या, तुमी शब्द दिलाय."

"दिलता. चुकून दिला. माझं मलाच धरायचं राहून गेलं व्हतं."

त्याला ते कळलं नाही, आणि समजावून सांगायला मला अजून नीट येत नव्हतं. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी तो म्हणाला, अठ्ठावन्ननं वीस कट्टे परवडायचे नाहीत. चांगल्या भातासाठी दहा घेतो, बाकीच्याला स्वस्तातला तांदूळ वापरतो. तुमच्याकडून तेवढं चालतंय का ते सांगा.

आता आली पंचाईत. महिन्याला दोन टनाचा एक टन झाला. मी व्हरांड्यात जाऊन बाईंना फोन लावला. शब्द मोडल्याची लाज होतीच, पण त्याहून जास्त मला त्या क्षणी एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

"बाई, माल निम्मा झाला तर खर्च बी निम्मा व्हतो का?"

त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसांचे वीस कट्टे एकदम टाका, टेम्पोच्या खेपा निम्म्या होतील. भात निम्मं लागेल. पण शेडचं भाडं निम्मं घ्याल का?"

"निम्मं का म्हून? शेड तर अख्खीच वापरता."

बोलून गेलो आणि मलाच ऐकू आलं. शेडचं भाडं मी पहिल्यांदा तोंडातून काढलं होतं, आणि तेही भांडून.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग तेच हजार रुपये आता निम्म्या तांदळावर बसतील, किलोला पन्नास पैसे चढवा. मी चढवले. छप्पन्न वीस आणि पन्नास, छप्पन्न सत्तर. अठ्ठावन्नातून एक तीस उरत होते. थोडे होते, पण ह्या खेपेला ते खरंच उरत होते.

आत जाऊन मी दहा कट्ट्यांच्या कागदावर सही केली. ताट पुढं आलं. भाकरी मोडली, पण लक्ष जेवणात नव्हतं. आता गिरणी निम्मा दिवस बंद राहणार, आणि त्या बंद यंत्राचं काय धरायचं, हे फोनवर विचारायचं राहून गेलं होतं.