नाडीवाल्याचं बोट

उकळत्या पातेल्यावरचं झाकण त्यांनी नुसत्या बोटांनी उचललं, आत डोकावले, "झालंच की," म्हणाले आणि झाकण तसंच हातात धरून उभे राहिले. ती मागेच सांडशी घेऊन उभी होती.

"अहो, ठेवा ते! भाजेल ना."

"मिस्त्रीचा हात आहे हा. चामडं झालंय त्याचं."

ती हसली. नवऱ्याच्या हातांच्या बढाया तिच्या कानांना सवयीच्या होत्या. पण जेवायला बसल्यावर तिला दिसलं, त्यांच्या बोटांच्या टोकांना टरारून फोड आले होते आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. त्याच बोटांनी ते निवांत घास घेत होते. तिच्या हातातला घास हातातच राहिला.

कारण त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर हे घर उभं होतं.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, तेलानं काळी झालेली फरशी आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हत्यारं. गाडीच्या पुढच्या चाकामागे वाटीत बसवलेला एक गोळा असतो, आपल्या खुब्याच्या हाडासारखा. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. चाक वळतं ते त्याच्या जिवावर. तो झिजून एखाद्या दिवशी वाटीतून निसटला, की चाक मोडक्या पायासारखं आडवं पडतं आणि मग गाडीतल्यांचं जे व्हायचं ते होतं. झीज ओळखायला त्या गॅरेजात मोठं यंत्र नव्हतं. एक टॉमी होती आणि दोन माणसं. धाकट्यानं उचललेल्या चाकाखाली टॉमी घालून दाबायची, थोरल्यानं गाडीखाली आडवं होऊन जॉइंटच्या फटीवर बोट टेकायचं. केसाएवढा ढिलेपणा असला तरी ते बोट सांगायचं, वैद्यानं नाडी सांगावी तसं. म्हणून अख्खा भाग थोरल्यांना 'नाडीवाले' म्हणायचा. शेजारच्या गॅरेजवालेसुद्धा अडलं की म्हणायचे, "जा, नाडीवाल्यांना दाखवून या."

टॉमी म्हणजे हातभर लांब, टोकाला चपटी अशी लोखंडी कांब. लग्न नवीन असताना, "टॉमी कुठाय रे? बघ जरा," हे बोलणं ऐकून तिनं दुसऱ्या दिवशी डब्यासोबत कुत्र्यासाठी भाकरीचा वेगळा तुकडा बांधून दिला होता. दीर तो किस्सा अजून पाहुण्यांना रंगवून सांगायचा. शेवटी म्हणायचा, "तुकडा मीच खाल्ला, वहिनी. मग भुंकायचं तेवढं राहिलं."

हा दीर मोठा बोलघेवडा. पण अलीकडे त्याला खोकल्यानं धरलं होतं. ती डबा घेऊन गेली, की गाडीखाली थोरला, चाकाशी धाकटा आणि मधूनच ते कोरडं खाकरणं.

"भावोजी, दाखवा हो कुणाला तरी."

"धूळ आहे, वहिनी. धुळीला कोण डॉक्टर?"

तिनं औषधाची बाटली आणली आणि डब्याच्या पिशवीतून पाठवून दिली. तो घरी येई तेव्हा मात्र एकदाही खोकत नसे. गॅरेजातली धूळच असणार, असं तिनं मनाशी धरलं.

फोड आले त्या रात्री तिनं विषय काढला. "बोटांना काही कळतं का हो तुमच्या?"

"सगळं कळतं."

"डॉक्टर काय म्हणाले होते मागे?"

"साखर वाढलीय म्हणाले. गोड बंद केलंय ना? मग झालं तर."

साखरेचं त्यांनी घरी सांगितलं होतं. बोटांबद्दल डॉक्टर काही म्हणाले असतील तर ते परस्पर गिळलं होतं. झाकली मूठ उघडायला लावायची तरी कशी, आणि तीही नवऱ्याची?

नंतरच्या आठवड्यात ती डबा घेऊन गेली तेव्हा दीर नव्हता. सुटे भाग आणायला गेला होता. दारात शाळेच्या पोरांची ने-आण करणारी व्हॅन उभी होती, पुढचं चाक जॅकवर उचललेलं. व्हॅनचा ड्रायव्हर नुसता घड्याळाकडे बघत होता.

"नाडीवाले, शाळा सुटायची वेळ झाली. तुम्ही एकदा 'ठीक' म्हणा, मी डोळे मिटून चालवतो."

"डोळे उघडे ठेवून चालव बाबा. लोकांची पोरं असतात मागे." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "अगं, हा आला नाही अजून. डबा ठेव आणि जरा एवढी टॉमी धर."

"मी?"

"भाकरतुकडा नको घालूस तिला. फक्त दाब."

ड्रायव्हर हसला. तिनं पदर खोचला. चाकाखाली कांब कशी टेकवायची ते दाखवून ते गाडीखाली सरकले. बाहेर त्यांचे पाय तेवढे राहिले.

"दाब. सोड. पुन्हा दाब."

तिनं दाबलं. आणि तिच्या तळव्यांना काहीतरी टचकन लागलं. आवाज झाला नाही. भरल्या डब्याचं सैल झाकण हाताला लागावं तसं. तिनं सोडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. ती थांबली. आता गाडीखालून 'गेलाय हा' असा आवाज येणार म्हणून.

खाली शांतता होती. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत, जणू कान देऊन कशाची तरी वाट बघत होते. मग म्हणाले, "ठीक आहे. उतरव गाडी."

ड्रायव्हरनं किल्ली खिशातून काढलीसुद्धा.

नवऱ्याचा शब्द चारचौघांत तिनं आजवर खोडला नव्हता. आणि हा शब्द नुसता शब्द नव्हता. तो गेला की मागे काय उरणार, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? पण व्हॅनच्या मागच्या बाकावर कुणाची तरी चिमुकली पाण्याची बाटली विसरलेली होती, निळ्या बुचाची. ती तिला तिथून दिसत होती.

"अहो," ती म्हणाली, "हलतंय ते. मला हाताला लागलं."

गाडीखालचे पाय हलले नाहीत.

"तुझा हात घसरला असेल."

"नाही हो. दोनदा लागलं."

"वहिनी," ड्रायव्हर मध्येच म्हणाला, "नाडीवाले म्हणतात ठीक, तर..."

"तू गप रे," खालून आवाज आला. मग हळूच, "दाब पुन्हा."

तिनं अंगातली सगळी ताकद लावली. टचकन. या वेळी त्यांनी बोट काढून अख्खा तळवा जॉइंटवर ठेवला असावा. दुसऱ्यांदा दाबल्यावर ते बाहेर आले, उठून बसले. केसांना माती लागली होती. तिच्याकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाले, "जॉइंट गेलाय. पोरांना आणायला दुसरी गाडी बघ. ही आज रस्त्यावर जाणार नाही."

"पण आत्ता तर तुम्ही..."

"आत्ता मी चुकलो."

ड्रायव्हर फोन लावत बाहेर गेला. ते पाण्याच्या पिंपाशी जाऊन हात धूत बसले. खूप वेळ धुतले.

ती टॉमी खिळ्याला अडकवायला गेली. शेजारच्या फळीवर खोकल्याच्या औषधाची बाटली होती. धूळ बसलेली, बूच सीलबंद. तिनं ती हातात घेतली आणि बघतच राहिली. गाडीखालची मघाची शांतता आठवली. ते कशासाठी कान देऊन पडले होते ते तिला आता कळलं.

तेवढ्यात दीर आला. जॅकवरची व्हॅन, पाठमोरा भाऊ आणि वहिनीच्या हातातली बाटली बघून जागीच थबकला.

"भावोजी, कधीपासून?" तिनं विचारलं.

त्यानं पिशवी खाली ठेवली. "बरेच दिवस झाले, वहिनी. टॉमीवर माझ्या हाताला कळायचं. ढिला असला की मी खाकरायचो. दादाला कुणी काही बोलू नये म्हणून."

"तुम्ही दोघं कधी बोललात यावर?"

"यावर काय बोलायचं?"

पिंपाशी पाण्याचा आवाज थांबला होता.

जॉइंट दोघांनी मिळून बदलला. जुना जॉइंट सोडवायला दोन दात्यांच्या पाचरीसारख्या हत्यारावर घण घालायचा होता, तो थोरल्यांनीच घातला. घाव नेमके बसत होते. नवा नट आट्यांवर चढवताना मात्र त्यांच्या बोटांतून तो दोनदा निसटून घरंगळला. तिसऱ्यांदा धाकट्यानं उचलला आणि लावला.

दुसऱ्या दिवसापासून जागा बदलल्या. धाकटा गाडीखाली, थोरला टॉमीवर. लोक अजूनही दारातून 'नाडीवाले' अशी हाक मारत. गाडीखालून धाकटा ओ देत नसे, आणि थोरले फक्त मान वर करून बघत. शेजारचे गॅरेजवाले मात्र हळूहळू कुणाला पाठवेनासे झाले.

घरी चहाचा कप पुढे ठेवला, की ते हल्ली तिलाच विचारतात, "फार गरम आहे का गं?" ती कपाला बोट लावून सांगते. तेवढंच त्यांनी कबूल केलं, तेही न बोलता.

परवा ती डबा घेऊन गेली होती. तिघं बाकावर जेवायला बसली होती. पाणी पिताना दिराला खराच ठसका लागला. तो खोकला, पुन्हा खोकला.

थोरल्यांचा घास हवेतच थांबला. डोळे मिटले, मान किंचित कलली.

दिराच्या ते लक्षात आलं. उरलेला ठसका त्यानं तोंडावर हात दाबून आतल्या आत जिरवला. डोळ्यांतून पाणी आलं तरी हात काढला नाही.