जुनी डिस्क निलेशकडे राहिली

पवना धरणाच्या काठी, स्वतःच्या शेतात पाहुण्यांसाठी तंबू लावणारी सारिका ही तिच्या वाडीतली पहिली बाई. नवरा तळेगावच्या कारखान्यात पाळ्या करायचा, त्यामुळे तंबू, पाहुणे, चुलीवरचं जेवण, सगळं तिच्याच अंगावर. तिनं माणसं जोडली होती. कुणाच्या आईला तिखट चालत नाही, कुणाचं पोर अंधाराला घाबरतं, हेही ती नंबरासोबत लॅपटॉपमध्ये टिपून ठेवायची.

तो लॅपटॉप मात्र पार थकला होता. चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडदा काळाच. पावसाळ्यात तंबू उतरवल्यावर तिनं तो कामशेतला निलेशकडे नेला. निलेश तिचा मामेभाऊ, वडिवळ्याचा. आई गेल्यावर सारिका मामीकडेच वाढली. निलेशला तिनं कडेवर खेळवलेलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा त्यानं नारळही तिच्याच हातून फोडून घेतला होता.

"ताई, हार्ड डिस्क दमलीय ह्याची. तिच्या जागी एसएसडी टाकू, नवी जलद डिस्क."

"माझं काय पुसलं जाईल का रं?"

"न्हाई गं. विंडोज, फोटो, पासवर्ड, समदं हाय तसं उचलून तिकडं नेतो."

त्यानं नवी एसएसडी केबलनं जोडली, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर सुरू केली आणि दोघं वडापाव खात बसली. नक्कल झाल्यावर मागचे स्क्रू काढून त्यानं जुनी डिस्क बाहेर घेतली, नवी बसवली. बटण दाबायचा अवकाश, पडद्यावर तिच्या लेकीचा फोटो! सारिका हरखून गेली.

"आन् ही जुनी?"

"मरायला टेकलीय ती. मी टाकून देतो."

ती बरं म्हणाली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

दिवाळीनंतर तंबू लागले, पण फोन वाजेना. नेहमीची माणसं गेली कुठं, तिला उमगेना. एका शनिवारी चिंचवडच्या इंद्रायणीताईंचा फोन आला. त्या दरवर्षी यायच्या.

"सारिका, पोचलो गं तुझ्या नव्या जागेवर. तू कुठे आहेस? आई विचारतेय."

"कंची नवी जागा, ताई?"

"अगं, धरणाच्या पलीकडची. तू जागा बदललीस, असा तुझ्या भावानंच मेसेज केला ना? आईची बिनतिखटाची आमटीसुद्धा लक्षात ठेवलीय त्यानं."

आमटीचं सारिकानं लॅपटॉपमध्ये लिहिलं होतं, आणखी कुठंच नाही.

स्कूटी काढून ती पलीकडे गेली. नवे कोरे तंबू, फलकावर तिच्याच चुलीचे फोटो, आणि पाहुण्यांना चहा देणारा निलेश. तिला पाहून त्याचा चेहरा उतरला, पण तो नाकारत बसला नाही. आत जाऊन त्यानं जुनी डिस्क आणली.

"घे ताई तुझी. आता ऱ्हायलं का काय?"

"हिच्या आनखी किती नकला केल्यास, ते मला कसं कळायचं?" ती म्हणाली. "मागितलं असतंस तर निम्मी गिऱ्हाईकं मीच दिली असती रं."

इंद्रायणीताईंना तिनं खरं काय ते सांगितलं. त्या ओशाळल्या. पण म्हातारी आई प्रवासानं दमली होती. ती मंडळी तिथंच राहिली.

सारिका तशीच वडिवळ्याला मामीकडे गेली. मामी, झुंबरबाई, अंगणात तांदूळ पाखडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "भायेरच्यानं तर न्हाई ना नेलं? त्याचं लगीन करायचंय आवंदा. तू मोठी हायेस, गप ऱ्हा."

"मामी, तुला ठावं व्हतं?"

मामी सूप हलवतच राहिली. वर पाहिलंच नाही. निलेशसमोर जे झालं नव्हतं ते सारिकाला आता झालं. तिथंच उंबऱ्याशी तिला रडू फुटलं. पाणीही न घेता ती निघाली.

घरी येऊन तिनं सगळे पासवर्ड बदलले आणि एकेका पाहुण्याला स्वतः फोन लावला. "मी कुटं गेले न्हाई, हितंच हाय." काही परतले, बरेच नाही.

पुढच्या भाऊबीजेला निलेश नवा शर्ट घालून ओवाळून घ्यायला आला. सारिका शेतात तंबूच्या दोऱ्या ताणत होती. तिनं त्याला पाहिलं, आणि खाली वाकून पुढची खुंटी ठोकायला घेतली.